नाव नंतर सांगतो

१

फ्लेक्स छापायचं मशीन माणसाला वरून खाली छापतं. आधी टोपी येते, मग कपाळ, मग भुवया. मोठ्यातल्या मोठ्या पुढाऱ्यालासुद्धा तिथं तोंड उघडायला वेळ लागतो.

सुदर्शन शेजवळ औरंगपुऱ्यातल्या फरहानच्या दुकानात एका डॉक्टरांचं हसू न्यायला आला होता. डॉक्टरांचा नवा दवाखाना उघडणार होता आणि दाराशी त्यांचा हसरा फोटो लावायचा होता. ते हसू मिळवायला सुदर्शनची एक आख्खी सकाळ गेली होती. मासिकांसाठी आणि मोठ्या माणसांसाठी फोटो काढणं हा त्याचा धंदा. नोकरी कुणाची नाही, मदतनीस नाही. दिवे, स्टँड, काळं कापड आणि कॅमेरा सगळं स्वतःच्याच खांद्यावर.

मशीनवर कुणाची तरी श्रद्धांजली येत होती. 'भावपूर्ण' आलं, 'श्रद्धांजली' आलं, दोन्ही बाजूंना समया पेटल्या. खाली पांढरी टोपी उतरायला लागली. सुदर्शनने धंद्याच्या नजरेनं पाहिलं आणि मनात दाद दिली. पांढऱ्या टोपीतल्या घड्यासुद्धा दिसत होत्या. ज्यानं फोटो काढला त्याला उजेड कळतो.

मग कपाळ आलं. मग डावी भुवई आली, मधोमध तुटलेली.

सुदर्शनचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या भुवईकडं गेला. लहानपणी सायकलवरून पडल्याची खूण तिथं होती. खर्र, खर्र करत मशीननं डोळे आणले, नाक आणलं, मिशा आणल्या. प्रत्येक डोळा जेवणाच्या ताटाएवढा होता आणि दोन्ही डोळे त्याच्याकडं बघत होते.

तो शाईच्या कॅनवर बसला. खरं सांगायचं तर पहिला विचार त्याच्या मनात आला तो असा, की आपला इतका चांगला फोटो आजवर कुणी काढला नव्हता. दुसरा विचार यायला जरा वेळ लागला. तो आला तेव्हा त्यानं घाईघाईनं खाली नाव शोधलं.

हनुवटीखाली नावाची जागा होती. ती कोरी होती. त्याखाली ओळ: 'शोकाकुल, समस्त परिवार व ग्रामस्थ.'

फरहान आतून आला. त्यानं फ्लेक्सकडं पाहिलं, कॅनवर बसलेल्या माणसाकडं पाहिलं, परत फ्लेक्सकडं पाहिलं.

"भाई, तू तो जिंदा है!"

"अजून तरी. ऑर्डर कुणाची?"

"फोनवरची रे. मोठा तमीजदार माणूस होता, दर वाक्याला थँक्यू. पेनड्राइव्ह काल कुठल्या तरी जीपवाल्यानं काउंटरवर ठेवला अन् दुपारी घेऊन बी गेला. बोला, सगळे फोटो एकाच माणसाचे आहेत, चांगला बघून लावा. डिझाइन रेडी ठेवा."

"नाव?"

फरहान घुटमळला. "बोला, नाव नंतर सांगतो. जयंतीचा सीझन आहे, मशीन मोकळं मिळत नाही, म्हणून जागा आधी धरून ठेवली. नाव टाकलं की लगेच छापायचं. आमचा ऑपरेटर नवा आहे, त्यानं सगळंच छापायला सोडलं."

"नंतर म्हणजे कधी?"

फरहान मशीनकडं बघत बोलला, म्हणजे सुदर्शनकडं बघायला नको म्हणून.

"उद्या सकाळी."

२

ॲडव्होकेट राहत बेगम सुदर्शनच्या वरच्या मजल्यावर राहत. सगळा मोहल्ला त्यांना आपा म्हणे. फौजदारी वकील. शहरातले अर्धे आरोपी त्यांच्यामुळं सुटले होते आणि उरलेले अर्धे त्यांच्याकडं वेळेत गेले नव्हते.

सुदर्शनने फ्लेक्स त्यांच्या बैठकीत अंथरला तेव्हा खोलीत फरशी उरली नाही. सोफ्याचा एक पाय त्याच्या कानावर आला. आपांनी चपला काढल्या आणि त्याच्या मिशांना वळसा घालून खुर्ची गाठली.

"डरता कायको? बस. हां, चेहऱ्यावर नको बसू. नंबर लावून पाहिला?"

"बंद आहे."

"होणारच. दुश्मन कोण कोण?"

"ज्याचा ज्याचा फोटो काढला, तो प्रत्येक जण," सुदर्शन म्हणाला, आणि तो थट्टा करत नव्हता. "एका बिल्डरची दुसरी हनुवटी मासिकात छापून आली, त्यानं माझं नाव टाकलंय. एक कवी आहेत. त्यांना चिंतनात डोळे मिटलेले हवे होते, छापून आल्यावर लोकांना वाटलं झोपलेत. ते रस्ता बदलतात."

"कवी कुणाला मारत नाहीत, ते दुसरा कविता वाचतो तेव्हा मनात मारतात. आता नीट जवाब दे, कोर्टात देतोस असं समज. हा फोटो काढला कुणी?"

"तेच कळत नाही, आपा! मी कायम कॅमेऱ्याच्या मागं. माझ्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा मी फोटोग्राफरला उजेड दाखवताना पाठमोरा आहे."

"टोपी घालतोस?"

"कधीच नाही."

"मग ही कुणाची?"

सुदर्शन फ्लेक्सकडं वळला. भीतीनं माणसाला स्वतःचा चेहरा दिसतो, डोक्यावरचं दिसत नाही. इतका वेळ त्यानं फ्लेक्सवर फक्त आपलं मरण पाहिलं होतं.

"कडुबाआबांची," तो म्हणाला. "पिशोरच्या."

पिशोरच्या कडुबा पाटलांचं नाव सगळ्या कन्नड तालुक्याला माहीत होतं. त्यांनी मान हलवल्याशिवाय पंचक्रोशीतलं आलं बाजाराला निघत नसे. तोंड मात्र गावाबाहेर फार थोड्यांनी पाहिलं होतं, कारण आबा फोटो काढू देत नसत. 'फोटो काढला की माणूस भिंतीवर जायला मोकळा,' असं त्यांचं म्हणणं. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता, आणि ज्याचा फोटो नाही त्याला आपल्याकडं नीट मरतासुद्धा येत नाही. हार कशाला घालणार? एका दिवाळी अंकाला त्यांच्यावर लेख हवा होता. लेक आशाबाईनं गळ घातली आणि म्हातारा कसाबसा तयार झाला.

"मी एकटा काम करतो ना, आपा. कुणाला बसवून उजेड बघायचा? म्हणून आधी मीच त्यांच्या खुर्चीत बसतो, रिमोट मुठीत धरतो अन् स्वतःचाच एक फोटो काढून बघतो. आबांचा रंग काळासावळा, टोपी पांढरीफेक. चेहऱ्याचा उजेड धरला की टोपी नुसता पांढरा डाग होते. म्हणून त्यांचीच टोपी मागून घेतली, घातली अन् फोटो काढला. असले फोटो मी नंतर पुसून टाकतो. संपादकाकडं जातात ते निवडलेले."

"अन् हा नाही पुसला."

"घरच्यांनी तिथंच फोटो मागितले. गावात नेटवर्क नव्हतं. कॅमेऱ्यातलं कार्ड होतं तसं त्यांच्या पेनड्राइव्हवर उतरवून दिलं. आबांचं म्हणाल तर कॅमेरा उचलला की डोळे मिटायचे. एका फोटोत तर उपरण्यात तोंड. संपादकाला द्यायला कसाबसा एक मिळाला, तोही अर्धा वळलेला."

आपा फरशीवरच्या चेहऱ्यावर वाकल्या.

"म्हणजे ऑपरेटरला सांगितलं, सगळा एकच माणूस आहे, चांगला फोटो घे. त्यानं डोळे उघडे असलेला घेतला. ठीक. सुदर्शन मियाँ, मुबारक हो. तुझ्या मरणाशी कुणाचं काही देणंघेणं नाही."

सुदर्शनने सोडलेला श्वास समयांपर्यंत पोचला असेल. तो हसलासुद्धा. मग त्याच्या लक्षात आलं की आपा हसत नव्हत्या.

"कडुबा पाटील कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

त्यानं पिशोरला फोन लावला. फोन आशाबाईनं घेतला. "आबा? त्यांला काय धाड भरली! आत्ताच भाकर अन् ठेचा खाल्ला. ठणठणीत हायेत. पेनड्राइव्ह व्हय? तो टीव्हीवर पडलेला असतो की. चुलतभाऊ आकाश नेतो, सांडूनाना नेतो, मी सत्संगाची भजनं भरून आणते. का वो भाऊ?"

"काही नाही. सहज," सुदर्शन म्हणाला, कारण पेनड्राइव्ह नेणाऱ्यांत तीही होती, आणि बंद केलेला फोन त्याच्या हातातून सुटून थेट त्याच्याच कपाळावर पडला, फरशीवरच्या.

म्हातारा ठणठणीत होता, आणि उद्या सकाळी कुणीतरी त्याचं नाव सांगणार होतं.

३

आपांनी पोलिसांना फोन केला. पलीकडचे साहेब सभ्य होते, पूर्ण ऐकून घेऊन मगच हसले. मॅडम, श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापणं हा गुन्हा ठरला तर अर्धा जिल्हा आत बसवावा लागेल, आणि तोही दुसऱ्याच माणसाच्या फोटोचा!

"चल," आपा म्हणाल्या आणि भर उन्हात काळा कोट अंगात घातला. "गावाकडं हा कोट पाहिला की लोक खरं बोलत नाहीत, पण उभे राहून बोलतात."

कन्नडच्या रस्त्याला गाडी लागली. सुदर्शनने हा रस्ता शेकडो वेळा पाहिला होता, पण आज त्याला फक्त फ्लेक्स दिसत होते. खांबाखांबावर माणसं हात जोडून हसत होती. वाढदिवसाचं हसू आणि श्रद्धांजलीचं हसू एकाच फोटोतलं असतं, हे त्याला माहीत होतं. कारण बरेचदा तो फोटो त्यानंच काढलेला असे. गाडी पुढं जाईपर्यंत मजकूर वाचता येईना, आणि हा माणूस आहे की गेला, हे कळेना. तो प्रत्येक चेहऱ्यावर आबांची टोपी बघायला लागला. वेरूळ मागं पडल्यावर त्यानं विचारलं.

"आपा, हे मरायच्या आधी फ्लेक्स कोण सांगतं?"

"ज्याला घाई आहे तो. अन् ज्याला सगळं वेळेत लागतं तो. दोन्ही वेगळे असतात."

सांडूनाना कन्नडच्या स्टँडसमोर हॉटेलात सापडले. ते गेली कित्येक वर्षं भावी होते. कशाचे, ते दर निवडणुकीला बदलायचं. ते जिथं बसत त्याच्या वरच त्यांचा फ्लेक्स असे, त्यामुळं शोधायला सोपं जाई. आबांच्या मांडीला मांडी लावून बसण्यावर त्यांचं राजकारण चालायचं. आबा गेले तर पहिला फ्लेक्स नानांचा, हे तालुका धरून चालला होता. सुदर्शनही येताना तेच धरून चालला होता.

आपांनी काहीच न बोलता गुंडाळी टेबलावर उलगडली. अर्धा सुदर्शन बाजूच्या टेबलावरच्या भज्यांवर गेला.

नाना दचकून उठले. "अरं अरं! फोटोवाले गेले? कधी?" मग त्यांना आपांच्या मागं उभा असलेला सुदर्शन दिसला. "हायेत की हे! लई घाई केली की वो कुणी."

"तुम्ही नाही?" आपा म्हणाल्या.

"मी?" नाना फ्लेक्सवर वाकले. वरपासून खालपर्यंत त्यांनी तो जाणकारासारखा वाचला आणि त्यांचा चेहरा दुखावला गेला. "वकीलबाई, माझी थट्टा करता का? खाली बघा. येकाचाबी फोटो नाय! शोक करणाऱ्याचं तोंडच दिसंना, तर शोक झाला हे लोकांला कळायचं कसं? ह्यो फ्लेक्स हाय का कॅलेंडर?"

आपांनी सुदर्शनकडं पाहिलं. एक संशयित त्या एका नजरेत निर्दोष सुटला.

"नाना, फोटो काढले त्या दिवशी तुम्ही होता?"

"व्हता म्हंजे? सकाळपासून. ह्ये फोटोवाले आबांची टोपी घालून बसले, आशाबाई हसून हसून दाराला टेकली. म्हनली, भाऊ, तुम्हीच राहा आता पाटील. मंग मीबी बसलो खुर्चीत, म्हनलं माझाबी घ्या एक. घेतला का नाय?"

"घेतला," सुदर्शन म्हणाला. तो फोटोसुद्धा कार्डावर तसाच गेला होता.

"अन् आकाश?"

"आबांचा पुतन्या? तो आला जेवनं झाल्यावर, पाक दिवे बांधून ठिवल्यावर. त्याचं कन्नडात कुणाचं तरी डोहाळजेवन व्हतं. लग्नं, साखरपुडे सगळं करतो ना तो, मांडवापासून आचाऱ्यापर्यंत. लई नियोजन! रस्त्याकडच्या जमिनीत त्याला लग्नाचं लॉन काढायचंय. आज मृत्युपत्रात ती त्याच्याच नावावर हाय, पन आबा म्हनतेत, आशीच्या नावावर करतो, हप्त्याभरात." नानांनी भजं फ्लेक्सखालून काढलं. "पन पोरगं गुणाचं हाय हां. आज सोता आबांला डोळे दाखवायला चाळीसगावला नेनार. ड्रायव्हरला सुट्टी दिली, म्हनला मीच चालवतो."

"चाळीसगावला," आपा म्हणाल्या. "म्हणजे घाटातून."

"मंग काय इमानातून?" नाना म्हणाले. मग त्यांनी दोघांचे चेहरे पाहिले आणि भजं खाली ठेवलं.

४

कन्नडहून पिशोरचा रस्ता सुदर्शनने कसा कापला ते त्याला नंतर आठवेना. समोरून येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीत तो पुढच्या सीटवर टोपी शोधत होता. टोपी दिसली तर काय करायचं, ते त्याला माहीत नव्हतं. आडवी घालायची? आपली गाडी? त्याच्यात तेवढी हिंमत आहे की नाही, हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. फोटोग्राफरला माणसं फक्त 'हसू का?' एवढंच विचारतात.

आशाबाईचा फोन लागत नव्हता. नेटवर्क गेलं होतं.

"आपा, आकाशच कशावरून? आशाबाईसुद्धा पेनड्राइव्ह नेते."

"नेते. पण फोनवर काय सांगितलं गेलं?"

"नाव नंतर सांगतो."

"त्याच्या आधी."

सुदर्शनने आठवलं. आठवताना त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर आणखी दाबला गेला. "सगळे फोटो एकाच माणसाचे आहेत."

"असं कोण म्हणेल? आशाबाईनं तुला टोपी घालून खुर्चीत बसलेलं पाहिलं, दाराला टेकून हसली. सांडूनाना स्वतःच बसला. दोघांना ठाऊक होतं की त्या कार्डात तीन तोंडं आहेत. त्यांच्यातलं कुणी असतं तर दहादा बजावलं असतं, म्हाताऱ्याचाच लाव बाबा, दुसऱ्याचा नको. बिनधास्त 'एकच माणूस' म्हणणारा तोच, जो उजेड बघून झाल्यावर आला. त्यानं पेनड्राइव्ह उघडून बी नाही पाहिला."

"का नाही पाहिला?"

आपा खिडकीबाहेर बघत होत्या. आल्याची शेतं मागं पळत होती.

"ज्याला मारायचं ठरवलं, त्याचे फोटो कोण बघत बसतं?" त्या म्हणाल्या. "गाडी जरा जोरात ने."

५

पाटलांच्या अंगणात पांढरी गाडी उभी होती. इंजिन सुरू होतं. पुढच्या सीटवर पट्टा बांधून कडुबाआबा बसले होते. अंगात धुवट सदरा, डोक्यावर टोपी. आयुष्यात पहिल्यांदा पट्टा बांधलेल्या माणसासारखे ते हात वर धरून बसले होते. आकाश डिकीत पाण्याच्या बाटल्या ठेवत होता. एकसारख्या, एका रांगेत.

सुदर्शनने आपली गाडी फाटकात आडवी लावली. हिंमतीचा प्रश्न असा आपोआप सुटला. 

"अरे, सर! या ना," आकाश म्हणाला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ. "आम्ही निघतच होतो. गाडी जरा मागं घेता का? अपॉइंटमेंट आहे. थँक्यू."

थँक्यू ऐकून सुदर्शनला फरहानचा फोनवरचा तमीजदार माणूस आठवला.

"घेतो घेतो," आपा म्हणाल्या. "आशाबाई, जरा बाहेर या हो! एक वस्तू दाखवायची आहे. जड आहे, दोन्हीकडून धरा."

आशाबाई पदराला हात पुसत आली. तिनं एक टोक धरलं, सुदर्शनने दुसरं, आणि गुंडाळी ओट्यावरून अंगणात सुटली. समया, टोपी, तुटकी भुवई, ताटाएवढे डोळे.

आशाबाई किंचाळली. "अगं माय! भाऊ, ह्ये काय वो अभद्र! तुम्ही तर चांगले उभे हायेत माझ्यापुढं! कुण्या मेल्यानं तुमचा फ्लेक्स काढला?"

आबांनी काचेतून डोळे बारीक केले. "आशे, फोटोवाला मेला का काय?"

आकाश जवळ आला. त्यानं पाहिलं. काम बिघडल्यावर जसा कुठल्याही शिस्तीच्या माणसाचा चेहरा होतो, तसा त्याचा झाला. वैतागलेला, बाकी काही नाही.

"फोटो चुकलाय," तो म्हणाला.

आशाबाईनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं.

"काय म्हणालास, बेटा?" आपांनी हळू विचारलं.

"नाही, म्हणजे... सर जिवंत आहेत, म्हणून म्हटलं."

"ते आशाबाई म्हणाल्या. त्या काय म्हणाल्या? सुदर्शनचा फ्लेक्स कुणी काढला. आबांनी विचारलं, फोटोवाला मेला का. सगळ्यांना वाटलं माणूस तो, फ्लेक्स खोटा. बरोबर वाटलं. तुला एकट्याला वाटलं की फ्लेक्स ठीक आहे, फोटो चुकलाय." आपांनी चपलेच्या टोकानं कोरी पट्टी दाखवली. "इथं नाव नाही, बेटा. कुणासाठी आहे तेच लिहिलेलं नाही. मग फोटो चुकला हे तुला कसं कळलं?"

आकाशच्या नियोजनात हा प्रश्न नव्हता.

"अन् बरोबर फोटो कुणाचा हवा होता?"

माणसाच्या डोळ्यांना सवय असते, ज्याचं नाव मनात येतं तिकडं ते जातात. सुदर्शनचा सगळा धंदा त्या सवयीवर चालत होता. आकाशचे डोळे एकदा, एकदाच, गाडीतल्या पुढच्या सीटकडं गेले.

आशाबाईनं फ्लेक्सचं टोक सोडलं. ती धावत गाडीकडं गेली आणि पट्ट्याशी झटायला लागली, पण तो कसा सुटतो हे तिला माहीत नव्हतं. सुदर्शनने पलीकडून हात घालून किल्ली फिरवली आणि पट्टा सोडवला. इंजिन थांबलं. तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं की आपण आबांचं मनगट धरलंय, आणि त्यांनी आपलं.

"आबा, यानं तुम्हाला काही खायला दिलं का?" आपांनी विचारलं.

"दिल्या की गोळ्या. म्हनला डोळ्याच्या तपासनीआधी घ्यायच्या, गाडीत बसल्यावर. चार दिल्या." म्हाताऱ्यानं सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. "म्हनलं घाट लागल्यावर घीन. पानी त्यानं मागं ठिवलंय."

आपांनी पुडी उघडली, वास घेतला नाही, हात लावला नाही, नुसती बघितली आणि पर्समध्ये ठेवली. "कुठला दवाखाना, आकाश? नाव सांग. मी तिथं विचारून घेते."

आकाश फाटकाकडं बघत होता. तिथं सुदर्शनची गाडी आडवी होती, आणि तिच्यामागं मोटारसायकलींचा धुरळा उडत होता. सांडूनाना आपली माणसं घेऊन आले होते. आयुष्यात पहिल्यांदा ते फ्लेक्सशिवाय कुठंतरी वेळेत पोचले होते. त्यांनी आकाशला ओट्यावर बसवलं आणि दोन्ही बाजूंना दोन जाडजूड कार्यकर्ते. फोटोला बसवतात तसं.

नानांनी कन्नडहूनच बोलावलेले पोलीस या खेपेला हसले नाहीत. गोळ्या झोपेच्या निघाल्यावर तर नाहीच. आकाश जीपमध्ये चढताना मागं वळून म्हणाला, "काका, माझं ऐकून तरी घ्या." आबांनी मान वर केली नाही.

धुरळा खाली बसला. आबा ओट्यावर तसेच बसून राहिले. दिवस कलायला आला होता. त्यांनी सुदर्शनचं मनगट अजून सोडलं नव्हतं, आणि सुदर्शनला ते सोडवून घ्यायचं सुचलं नाही. 

"ल्हानपनी खांद्यावर घेऊन हिंडवला त्याला," ते म्हणाले. कुणाला, ते कुणी विचारलं नाही.

नाना काहीतरी बोलायला गेले. आपांनी डोळ्यांनी त्यांना गप्प केलं.

आशाबाई आतून चहा घेऊन आली. तिचे डोळे सुजले होते. पहिला कप तिनं बापापुढं धरला. आबांनी हात पुढं केला, आणि हात मधेच थांबला. ते कपाकडं बघत राहिले. वाफ वर येत होती.

"आशे," ते अगदी हळू म्हणाले, "आधी तू पी."

आशाबाईच्या तोंडावरून कुणीतरी रंग पुसून घेतल्यासारखं झालं. आपा दुसरीकडं बघायला लागल्या.  मग आशाबाईनं कप तोंडाला लावला, एक घोट घेतला, पदरानं कड पुसली आणि कप पुन्हा बापाच्या हातात दिला.

आबांनी तो घेतला. आणि तरीही थोडा वेळ थांबले.